घरपट्टीच्या पावतीपासून ग्रामसभेपर्यंत



सहावीच्या नागरिकशास्त्रात 'ग्रामीण स्थानिक शासनसंस्था' हा पाठ आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी तो शिकवला असेल, पालकांनी मुलांचा अभ्यास घेताना वाचला असेल. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. सरपंच, सभापती, अध्यक्ष. मुलं रिकाम्या जागा भरतात, जोड्या लावतात, पैकीच्या पैकी गुण घेतात. आणि त्याच मुलांच्या घरी पंचायतीचा विषय निघाला की दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, "सगळे मिळून खातात." दुसरं, "सरपंचानं आपल्याला नळ दिला, त्याला मत द्यायला पाहिजे."

ही दोन वाक्यं एकमेकांच्या उलट वाटतात. पण माझ्या मते ती सख्खी बहीण-भावंडं आहेत. गावात पैसा कुठून येतो, कुठल्या कामासाठी येतो आणि कशाला वापरता येत नाही, हे माहीत नसलं की माणूस एक तर शिव्या देतो, नाहीतर उपकार मानतो. प्रश्न विचारत नाही. मी गेली काही वर्षं हा पाठ थोडा वेगळ्या रीतीनं घेते, त्याबद्दल आज लिहायचं आहे. माझी शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. गाव सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं, तीन वाड्यांचं. तुमचं गाव वेगळं असेल, पण पावती सगळीकडे जवळपास सारखीच असते.

तर सुरुवात पावतीपासून. पाठ सुरू करायच्या आदल्या दिवशी मुलांना सांगते, घरातली घरपट्टीची पावती घेऊन या. जुनी असली तरी चालेल. बहुतेक घरांत ती देवघराच्या कप्प्यात, लाईटबिलाच्या पिशवीत, नाहीतर पत्र्याच्या पेटीत सापडते. काही मुलं "आमच्याकडं नाही" म्हणून येतात. त्यांना मी पुढे काही विचारत नाही, कारण बहुतेक वेळा पट्टी थकलेली असते आणि वर्गात ते सांगायला पोराला लाज वाटते. अशांसाठी मी माझ्याकडची, नाव खोडलेली एक झेरॉक्स ठेवते. हे तुम्हीही लक्षात ठेवा. नाहीतर पहिल्याच दिवशी चार मुलं या विषयातून मनानं उठून जातात.

पावतीवर काय काय असतं बघा. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, सामान्य पाणीपट्टी, आणि घरात स्वतंत्र नळ असेल तर विशेष पाणीपट्टी. प्रत्येकापुढे मागील बाकी, चालू, एकूण असे रकाने. मुलं हे पहिल्यांदाच नीट वाचतात. एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, दिवाबत्ती कर आमी भरतुय, मग आमच्या आळीतला खांबावरचा दिवा दिवाळीपास्नं बंद का?" पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही स्वाध्यायापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. मी उत्तर दिलं नाही. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

मग घरपट्टी ठरते कशी, याकडे वळायचं. पूर्वी ती वेगळ्या पद्धतीनं ठरायची. २०१५ च्या अखेरीला नियम बदलले आणि आता ती भांडवली मूल्यावर आकारतात. म्हणजे घराचं क्षेत्रफळ, जागेचा आणि बांधकामाचा सरकारी दर, घर किती जुनं आहे त्याप्रमाणे घसारा, आणि घर राहायला आहे की दुकानाला, हे सगळं त्यात येतं. गणिताच्या तासाला हे घेतलं तर क्षेत्रफळ आणि शेकडेवारी दोन्ही होऊन जातं. मुलं टेप घेऊन आपापली घरं मोजून आणतात. ही सगळी नोंद पंचायतीत 'नमुना ८' मध्ये असते. आपल्याकडे लोक नमुना ८ चा उतारा म्हणजे घराच्या मालकीचा कागद समजतात. तसं नाही. ती कर आकारणीची नोंदवही आहे. तरीही एक गोष्ट मुलांना जरूर बघायला सांगा: उताऱ्यावर आईचं नाव आहे का? नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावायची सोय आहे. आमच्या वर्गात हा प्रश्न विचारल्यावर त्या आठवड्यात पाच-सहा आया पंचायतीत जाऊन आल्या. एकीचे सासरे मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "बाई, तुम्ही घरात भांडणं लावताय." हसून म्हणाले, पण म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डबे. हा माझ्या आवडीचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्या आया, आज्या घरखर्च कसा चालवतात आठवून बघा. दुधाचे पैसे एका डब्यात, भिशीचे दुसऱ्या, पोरांच्या फीचे तिसऱ्या. तांदळाच्या डब्यात लपवलेली नोट वेगळीच. फीच्या डब्यातून कुणी किराणा आणला तर आई चिडते. पंचायतीचा पैसाही असाच डब्याडब्यांत असतो, आणि एका डब्यातला दुसऱ्यात टाकायची मुभा फारशी नसते. एवढं एक कळलं की अर्धा पाठ संपला असं समजा.

मी शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीतून स्टीलचे पाच डबे आणते आणि टेबलावर मांडते. पहिला स्वनिधीचा: घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर, आठवडे बाजाराची फी, पंचायतीच्या गाळ्यांचं भाडं. हा गावाचा स्वतःचा पैसा. दुसरा पाणीपट्टीचा. यातून विहिरीवरच्या मोटरीचं बिल, टीसीएल पावडर, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार. तिसरा आणि चौथा वित्त आयोगाचा, त्याबद्दल पुढे सांगते. पाचवा डबा मी मुद्दाम रिकामा आणि झाकण लावून ठेवते. त्यावर लिहिते, 'पंचायतीच्या हातातून न जाणारा पैसा'. घरकुलाचा हप्ता थेट लाभार्थ्याच्या खात्यात जातो. रोजगार हमीची मजुरी थेट मजुराच्या खात्यात. आमदार निधीतला सभामंडप, सार्वजनिक बांधकाम विभागाचा डांबरी रस्ता, जिल्हा परिषदेची आमची शाळाखोली, महावितरणचा ट्रान्सफॉर्मर, रेशन, यातलं काहीच पंचायतीच्या हिशेबात नसतं. गावातली निम्मी चिडचिड चुकीच्या दारात जाऊन केलेली असते. शाळेचं छत गळतंय म्हणून सरपंचाला धरून उपयोग नाही. आणि पाणी गढूळ येतंय म्हणून आमदाराला फोन करायची गरज नाही.

आता वित्त आयोग. केंद्राच्या कररकमेतला काही भाग वित्त आयोगाच्या शिफारशीनं पंचायतींना मिळतो. १४ व्या आयोगाच्या काळात, म्हणजे २०१५ ते २०२० मध्ये, हा सगळा पैसा ग्रामपंचायतींनाच येत होता. १५ व्या आयोगात आपल्या राज्यात तो वाटला गेला: ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला, १० जिल्हा परिषदेला. आणि ग्रामपंचायतीला आलेल्या पैशाचेही दोन भाग झाले, बंधित आणि अबंधित. २०२१-२२ पासून प्रमाण ६० आणि ४०. बंधित म्हणजे बांधून दिलेला. त्यातला अर्धा पिण्याचं पाणी आणि पावसाचं पाणी साठवणं-मुरवणं यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. अबंधित गावाच्या गरजेप्रमाणे, पण त्यातून पगार आणि कार्यालयाचा खर्च भागवता येत नाही. आयोग बदलला की या वाटण्याही बदलतात, त्यामुळे शिकवताना चालू वर्षाचं प्रमाण बघून घ्या.

आकड्यांशिवाय मुलांना हे पटत नाही. म्हणून समजा, गावाला वर्षाला १० लाख आले. मुलं खोट्या नोटा मोजून डब्यांत टाकतात. ६ लाख तिसऱ्या डब्यात. त्याचे पुन्हा दोन गठ्ठे, ३ लाख पाण्याचे, ३ लाख स्वच्छतेचे. उरलेले ४ लाख चौथ्यात. मग मी विचारते, वाडीचा रस्ता खचलाय, ५ लाख लागतील, द्या. मुलं चौथ्या डब्यात हात घालतात. ४ लाखच आहेत. एक जण हळूच तिसऱ्याकडे वळतो. "ए, ते पाण्याचं हाय!" म्हणून सगळे ओरडतात.

यातून आमच्या गावातलं एक जुनं भांडण मुलांना आपोआप उलगडलं. वाडीवरची माणसं दोन वर्षं म्हणत होती, "रस्त्याला पैसे नाहीत म्हणतात, मग गटाराला कुठनं आले?" गटाराला आले, कारण सांडपाण्याचं काम स्वच्छतेच्या गठ्ठ्यात बसतं. रस्ता त्यात बसत नाही. एका मुलानं हे घरी जाऊन आजोबांना सांगितलं. आजोबा दुसऱ्या दिवशी शाळेत आले. रागानं नव्हे, खात्री करून घ्यायला. डबे पुन्हा मांडून दाखवले. बराच वेळ बघून ते म्हणाले, "हे आमाला इतकी वर्षं कुणी सांगितलं का न्हाई?"

मी तर म्हणेन, हा प्रश्न आपल्या सगळ्यांना आहे. पंचायतीलाही, शाळेलाही.

मात्र डबा कळला म्हणजे प्रश्न संपला असं नाही. गटार स्वच्छतेच्या पैशातून झालं, ठीक आहे. पण कागदावर जेवढं लांब आहे तेवढंच जमिनीवर आहे का? कामाच्या ठिकाणी फलक लावलेला असतो, कामाचं नाव आणि रक्कम त्यावर असते. लांबी, रुंदीची माहिती पंचायतीकडून मिळवता येते. आम्ही ती मागितली. पंचायतीतल्या कर्मचाऱ्यानं दोनदा "नंतर या" केलं, तिसऱ्यांदा दिली. मुलांनी टेप लावला. वीस-पंचवीस पोरं, एक टेप, आणि बघायला जमलेली अर्धी आळी. लांबी बरोबर भरली. पोरं थोडी हिरमुसली, त्यांना काहीतरी सापडायला हवं होतं. मला मात्र त्या दिवशी फार बरं वाटलं. हिशेब बघणं म्हणजे चोर पकडणं नव्हे, हे मी दहा भाषणांत सांगितलं असतं तरी पोचलं नसतं. आणि त्यानंतर त्या कर्मचाऱ्यानं आम्हाला एकदाही "नंतर या" म्हटलं नाही.

मोबाईल असलेल्या पालकांसाठी एक गोष्ट. केंद्र सरकारचं 'ई-ग्रामस्वराज' हे संकेतस्थळ २०२० पासून आहे. त्यावर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडत गेलं की आपल्या पंचायतीचा त्या वर्षाचा विकास आराखडा आणि वित्त आयोगाच्या पैशाचा जमा-खर्च बघायला मिळतो. मांडणी किचकट आहे, शब्द इंग्रजी आहेत, पहिल्यांदा डोकं दुखतं. सातवीची दोन मुलं सोबतीला घेऊन बसा, ती बरोबर शोधून देतात. त्यात स्वनिधीचा सगळा तपशील मिळेलच असं धरू नका. तो पंचायतीतच विचारावा लागतो. नाहीच मिळाला तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे: दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, तीस दिवसांत उत्तर. पण मी सुरुवातीलाच हा अर्ज करायला सुचवत नाही. लहान गावात माहितीचा अर्ज पडला की लोक त्याला भांडणाची नोटीस समजतात. आधी जाऊन विचारावं.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले ती सांगते. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला काही हिस्सा राखीव असतो: १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. समजा गावाचं उत्पन्न २ लाख, तर अनुक्रमे ३० हजार, २० हजार आणि १० हजार. मी पहिल्या डब्यात या तीन छोट्या डब्या ठेवते, मसाल्याच्या डब्यात वाट्या असतात तशा. हे शिकवत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा काही बोलला नाही. त्याचा धाकटा भाऊ जन्मापासून चालू शकत नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आई मधल्या सुट्टीत आली. पदराला हात पुसत दारातच उभी राहिली. "बाई, पोरगं म्हणतंय आमच्या बारक्याच्या नावचे पैसे पंचायतीत असत्यात. खरं का?"

एका मुलाच्या नावचे असे नसतात, गावातल्या नोंद असलेल्या सगळ्या दिव्यांगांसाठी मिळून असतात, हे तिला समजावून सांगितलं. मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र होतं, पण पंचायतीच्या नोंदवहीत नाव नव्हतं. ते लावायला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि तिची पट्टी तीन वर्षांची थकलेली होती, त्यामुळे ती पंचायतीच्या पायरीवरच जात नव्हती. "गेलं की आधी बाकी मागत्यात," म्हणाली. बघा, कर थकला की माणूस हक्कही मागेनासा होतो. ही बाई बचत गटाची हिशेबनीस आहे. चौदा बायकांचं बचतीचं आणि कर्जाचं वहीखातं पैपैसह तिला तोंडपाठ. पण गावच्या हिशेबात आपण बोलावं, हे तिच्या मनाला कधी शिवलं नव्हतं.

मी तिला एवढंच सांगितलं की आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षणाची टिपणी लोकांपुढे ठेवावी लागते. आमच्याकडे ती सभा १ मे रोजी होते. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात, बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. तिच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती बहुतेक ठिकाणी कागदावरच होते, हेही तुम्हाला ठाऊक असेल.

इथे एक बारकावा पालकांनी माहीत करून घ्यावा. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. तेवढे लोक जमले नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणसंख्येची अट नसते. म्हणजे तुम्ही घरी बसलात म्हणून निर्णय थांबत नाहीत. ते पंचवीस माणसांत होतात, इतकंच.

त्या १ मेच्या सभेला झेंडावंदनानंतर गटातल्या अकरा बायका थांबल्या. मी मुलांना घेऊन मागे बसले होते. सभेआधी दोन दिवस मी सरपंचताईंना आणि ग्रामसेवकांना (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) मुलांनी काढलेल्या प्रश्नांचा कागद देऊन आले होते. त्यावर कुणाचंही नाव नव्हतं, फक्त प्रश्न. माझा हा नियमच आहे. अचानक अडचणीत पकडलेला माणूस उत्तर देत नाही, तो चिडतो. शिवाय आपण सरकारी नोकरीतली माणसं. गावच्या राजकारणात आपलं नाव एकदा आलं की शाळेचं नुकसान होतं. माझ्यापर्यंत "मॅडमनी पुस्तकातलं शिकवावं" असा निरोप आला होताच. मी पुस्तक उघडून पाठ दाखवला.

अहवाल वाचून झाल्यावर ती उठली. आवाज बसलेला होता. म्हणाली, "दिव्यांगांच्या पाच टक्क्यांतनं गेल्या साली किती खर्च झाला?" एवढंच. आरोप नाही, रडगाणं नाही. क्षणभर कुणी बोललं नाही. मग वही चाळली गेली आणि उत्तर आलं की दोन वर्षं त्यातला काहीच खर्च झालेला नाही, कारण लाभार्थ्यांची यादीच अद्ययावत नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "आधी पट्टी भरा, मग इचारा." त्यावर सरपंचताई स्वतः बोलल्या. एरवी त्यांच्या वतीनं त्यांचे यजमान बोलतात. त्या म्हणाल्या, पट्टी वेगळी, हा निधी वेगळा, यादी या महिन्यात करू.

यादी महिन्यात झाली नाही, पावसाळ्यात झाली. गावात नऊ नावं निघाली. त्यातली दोन म्हाताऱ्या माणसांची होती, ज्यांच्याकडे प्रमाणपत्रच नव्हतं, त्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यावं लागलं. मिळालेली रक्कम माणशी फार मोठी नाही. एकूण उत्पन्नच लहान, तर पाच टक्के किती असणार? आणि इथेच वसुलीचा प्रश्न आला. त्या आईनंच गटाच्या बैठकीत हिशेब मांडला की गावातली सगळी थकबाकी वसूल झाली तर पाच टक्क्यांची वाटी किती भरेल. स्वतःची बाकी तिनं तीन हप्त्यांत भरली.

शहरातल्या पालकांना वाटेल हे सगळं खेड्यापुरतं आहे. तसं नाही. तुमच्या मालमत्ता कराच्या बिलावरही वेगवेगळे कर सुटे लिहिलेले असतात. ते मुलासोबत एकदा वाचा. नगरपरिषद, महापालिकेचं अंदाजपत्रक दरवर्षी छापलं जातं. त्यातलं आपल्या प्रभागाचं पान शोधा. तुमच्याकडे ग्रामसभा नाही, ही मात्र खरी अडचण आहे, आणि त्या बाबतीत आमचं खेडं तुमच्यापेक्षा श्रीमंत आहे.

हिशेब मोठ्यानं वाचण्यात किती ताकद असते, यासाठी मोठ्या वर्गांना मी राजस्थानचं उदाहरण देते. १९९० च्या दशकात तिथल्या मजदूर किसान शक्ती संघटनेनं गावोगाव जनसुनवाया घेतल्या. कामांची बिलं आणि हजेरीपत्रकं लोकांपुढे वाचून दाखवली. ज्यांनी काम केलंच नव्हतं त्यांची नावं निघाली, मेलेल्यांचीही. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही त्यांची घोषणा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यामागे त्या वाचनाचा मोठा वाटा आहे.

ज्यांना हा पाठ असा घ्यायचा आहे त्यांनी ग्रामसभेच्या तारखेआधी तीन आठवडे सुरुवात करावी. पावतीला एक दिवस, डब्यांना दोन, मोजमापाला एक, प्रश्न काढायला दोन. प्रश्न काढताना मुलांना एकच अट घालावी की उत्तर आकड्यात किंवा तारखेत आलं पाहिजे. 'पाणी का येत नाही' हा प्रश्न चालणार नाही. 'पाणीपट्टी किती जमली आणि मोटरीचं बिल किती आलं' हा चालेल. आमच्या मुलांनी हा प्रश्न विचारला तेव्हा बिल जमेपेक्षा बरंच जास्त निघालं, आणि सभेतली बरीच माणसं खाली बघायला लागली.

फळ्याच्या कोपऱ्यातला दिवाबत्तीचा प्रश्न मी त्या वर्षी पुसला नाही. खांबावर दिवा लागला, तो दोन महिन्यांनी पुन्हा गेला. आता ती मुलगी आठवीला तालुक्याच्या शाळेत जाते. परवा बस थांब्यावर भेटली तर विचारत होती, दिवे दुरुस्तीचा ठेका कुणाला दिलाय आणि किती मुदतीचा, हे कुठल्या वहीत लिहिलेलं असतं.